जुनी ऑल्टो, सीएनजी किट आणि काही केल्या न जाणारं मिसिंग

आयटीआय करून नुकतेच गॅरेजात लागलेल्या पोरांसाठी लिहितोय. प्लग, कॉईल, इंजेक्टर तुम्हाला माहितीयेत, ते परत सांगत नाही.

जुनी ऑल्टो घ्या, ७९६ सीसी, तीन सिलेंडर, वर बाहेरून बसवलेला सीएनजी किट. तिनातला एक मेला, म्हणजे नीट पेटेनासा झाला (यालाच मिसिंग म्हणतात), की स्टेअरिंगपासून आरशापर्यंत सगळं थरथरतं. मालक वैतागूनच येतो, कारण तोवर प्लग बदलून झालेत, वायरी बदलल्यात, कुणी इंजेक्टर क्लीन करून दिलेत, पैसे गेले आणि मिसिंग तिथंच. आता तो तुमच्या डोक्यावर उभा. ते टेन्शन मी अजून विसरलो नाही. घाबरू नका, नीट क्रमाने गेलात तर हे इंजिन फार लपवत नाही.

आधी पेट्रोलवर चालवून बघा. फक्त गॅसवर मिसिंग असेल तर किटचा फिल्टर, रिड्यूसर (टाकीतल्या गॅसचा दाब कमी करणारा भाग) आणि प्लगला जाणारा करंट बघा. सीएनजीत ठिणगी पडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे कमजोर वायर पेट्रोलवर खपून जाते नि गॅसवर पकडली जाते. दोन्हीवर मिसिंग असेल तर पेट्रोलवर आयडलला (अॅक्सिलरेटर न दाबता) ठेवून एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काढा. जो काढून इंजिनला काही फरकच पडत नाही, तो मेलेला. प्लगच्या वायरी ओढून बघायची सवय लावून घेऊ नका, झटका बसतो आणि न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये (सायलेन्सरच्या लाईनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये) जातं. मग मेलेल्या सिलेंडरचा प्लग नि वायर शेजारच्या सिलेंडरला लावा, मिसिंग तिकडे गेलं तर सुटलात.

नाही गेलं तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरात तयार होणारा दाब गेजने मोजायचा, आणि इथेच नवीन पोरं अडकतात, मी स्वतः सगळ्यात जास्त इथेच घासलोय. गाडी सकाळी थंड असताना गेज लावता, तिन्ही जवळपास सारखे येतात, मग इंजिन ओके म्हणून परत सेन्सरच्या मागे लागता. अरे, मालक काय सांगतोय ते ऐका ना! सकाळी बरी असते, गरम झाली की सिग्नलला थरथरते, हायवेला पळवली की परत बरी. असं कुणी सांगितलं की टॅपेट टाइट झालंय का, म्हणजे व्हॉल्व्ह नि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधला गॅप कमी झालाय का, ते आधी बघायचं.

सीएनजी कोरडा गॅस, व्हॉल्व्हची सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि रॉकरखालचा गॅप कमी होत जातो. थंड असताना थोडा गॅप उरलेला असतो म्हणून कॉम्प्रेशन दाखवतं. गरम झाल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते, तेवढाही गॅप संपतो, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं. आयडलला गळायला वेळ मिळतो, जोरात फिरताना तेवढा मिळत नाही. आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटला टेकूनच सोडतो, टेकलाच नाही तर कड जळते. हे सगळं होताना आवाज शून्य. सैल टॅपेट टकटक करतं, टाइट टॅपेट गप्प असतं, म्हणून तिकडे कुणी बघतच नाही. वर काही मिस्त्री गिऱ्हाईक आवाजाची तक्रार करतं म्हणून मुद्दाम टाइट करून देतात, हे मला अजिबात पटत नाही. जरा वाजणारं टॅपेट परवडलं, व्हॉल्व्ह जळलेला नाही परवडत.

म्हणून कॉम्प्रेशन गरम इंजिनवर पण घ्या. सगळे प्लग बाहेर, इंजेक्टर डिस्कनेक्ट, गॅस बंद, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी फुल चार्ज. कमी आलेल्यात चमचाभर ऑईल टाकून परत घ्या, वाढलं तर रिंग, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह नाहीतर गॅस्केट. आणखी एक, आयडलला सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरा. ती नुसती बाहेर फडफडायला हवी. मधेच आत ओढली जात असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर संशय घ्या.

टॅपेट सेट करताना इंजिन पूर्ण थंड पाहिजे, आणि गॅप मॅन्युअलमधलाच, इनटेकचा वेगळा, एक्झॉस्टचा वेगळा. चार सिलेंडरच्या सवयीने क्रँक अर्धा फेरा फिरवू नका, इथे पुढचा सिलेंडर २४० अंशांवर येतो, पेटायचा क्रम १-३-२. ज्याचं सेट करताय त्याचे सगळे रॉकर हाताला मोकळे लागतात का बघूनच फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) घाला. गेज सरकताना बोटाला किंचित अडकल्यासारखं लागलं पाहिजे. व्हिडिओ बघून हे येत नाही. मोठ्या नावाच्या वर्कशॉपात वर्षभर नुसतं ऑईल बदलण्यापेक्षा जो वस्ताद स्वतःचा गेज तुमच्या हातात देतो त्याच्याकडे कमी पगारात राहा, माझं मत स्पष्ट आहे.

सेट केल्यावर मिसिंग गेलं तर उत्तमच, आणि बऱ्याचदा जातं. नाही गेलं तर कड जळलेली असू शकते, मग हेड उतरवायला लागेल, आणि हे मालकाला काम हातात घेतानाच सांगा, नंतर सांगितलं तर तो फसवल्यासारखं समजतो. ऑईलमध्ये टाकायच्या बाटल्यांनी जळलेला व्हॉल्व्ह भरून येत नाही, त्या विकू नका. आणि स्क्रू फिरवायच्या आधी जुना गॅप मोजून जॉबकार्डवर सिलेंडरवार लिहा. पुढच्या सर्व्हिसला तोच व्हॉल्व्ह परत टाइट सापडला तर सीट झिजतेय हे मालकाला दाखवायला तुमच्याकडे आकडे असतील.