मोटरसायकलच्या टाकीवरचं ग्राफिक टिकवायचं असेल तर या चुका टाळा

इंदूरमध्ये गाडीवरच्या कुठल्याही स्टिकरला सरसकट ‘रेडियम’ म्हणतात. टाकीवरचे पट्टे, मडगार्डवरचं मुलीचं नाव, मागचं ‘जय मल्हार’, सगळं रेडियमच. शब्दाला हरकत नाही. पण या एका नावाखाली दुकानात चार-पाच प्रकारचा माल विकला जातो, आणि प्रत्येकाचं आयुष्य, वळण घेण्याची ताकद आणि दर निराळे असतात. बहुतेक गिऱ्हाईक मोबाइलवर चित्र दाखवतं आणि थेट भाव विचारतं. ग्राफिक फसतं ते तिथेच. चित्र शेवटी ठरवायचं. आधी बघायचं ते पत्रा आहे की प्लास्टिक, वळण कसं आहे आणि ऊन किती लागणार.

जाड म्हणजे चांगलं, हा समज

स्टिकर ज्या प्लास्टिकच्या शीटमधून बनतात ते व्हिनाइल. साध्या व्हिनाइलची शीट गरम रोलरांमधून लाटून काढतात. तिला कॅलेंडर्ड म्हणतात. लाटताना आलेला ताण शीटमध्ये अडकून राहतो आणि ऊन लागलं की ती आक्रसते. काही महिन्यांनी स्टिकरच्या कडेला जी काळी चिकट रेघ दिसते, ती म्हणजे शीट मागे सरकल्यावर उघडा पडलेला गोंद आणि त्यावर बसलेली धूळ. कास्ट व्हिनाइल वेगळं: ते पातळ द्रवासारखं ओतून भट्टीत वाळवतात, त्यामुळे त्यात ओढाताण जवळजवळ नसते. कास्टची जाडी साधारण ५० मायक्रॉन, साध्या मालाची ८० ते १००. एरवी आपण बोटांनी चाचपून जाड माल पसंत करतो, इथे तो हिशोब उलटा पडतो.

कॅलेंडर्डमध्येही दोन जाती आहेत. मोनोमेरिक माल उघड्यावर दोन-तीन वर्षांसाठी, पॉलिमेरिक पाच-सात वर्षांसाठी, आणि कास्ट सात ते दहा वर्षांसाठी बनवलेला असतो. पण हे आकडे सौम्य हवेतल्या उभ्या पृष्ठभागाचे असतात. टाकीचा वरचा भाग आडवा, आणि मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीच्या वर. तिथे निम्मं आयुष्य धरलं तरच हिशोब जुळतो.

दुकानदार ‘कास्टच आहे’ म्हणत असेल तर रोलच्या खोक्यावरचं लेबल बघा. शंका राहिली तर १० बाय १० सेंमीचा तुकडा मागून घ्या, स्वच्छ पत्र्यावर चिकटवा, मधोमध ब्लेडने अधिक चिन्हासारखा काप द्या आणि आठवडाभर गच्चीवर उन्हात ठेवा. हलका माल असेल तर कापाची फट उघडते आणि आत गोंद दिसतो. कास्टमध्ये काप जवळपास जसाच्या तसा राहतो. एक आठवडा थांबायला जड जातं हे खरं, पण पूर्ण गाडीचं काम करायचं असेल तर ही परीक्षा घ्याच.

खरं रेडियम, म्हणजे रात्री दिव्याच्या उजेडात चमकणारी रिफ्लेक्टिव्ह शीट, ही आणखी निराळी. ती कडक असते आणि ताण घेत नाही. मागच्या मडगार्डवर किंवा सपाट पॅनलवर सरळ पट्टी म्हणून ती उत्तम, आणि रात्री हायवेवर उपयोगाचीही. टाकीच्या गोलाईवर ओढून बसवली तर दोन दिवसांत कडा उभ्या राहतात.

वळण न तपासता डिझाइन ठरवणे

यासाठी एक साधा कागद पुरतो. डिझाइनच्या आकाराचा कागद कापा, मास्किंग टेपने जागेवर लावा आणि हाताने दाबा. कागद चुणी न पडता बसला तर वळण एकाच दिशेला आहे आणि पॉलिमेरिक व्हिनाइल चालेल. कागदाला चुण्या पडल्या म्हणजे तिथे दोन दिशांना वळण आहे: टाकीचे खांदे, हेडलाइटचा मुखवटा, गुडघा टेकतो ती खोबण. अशा ठिकाणी कास्टच हवं, नाहीतर डिझाइन दोन-तीन तुकड्यांत पाडा आणि जोड पॅनलच्या नैसर्गिक रेषेवर आणा. मोठा सलग तुकडा बळजबरीने बसवण्यापेक्षा नीट पाडलेले तुकडे जास्त टिकतात आणि दिसतातही चांगले.

हाच कागद नंतर मापाचा साचा म्हणून वापरा. त्यावर पेट्रोलचं झाकण, बोल्ट आणि पॅनलची कड पेनाने उमटवून घ्या. ग्राफिकची कड पॅनलच्या कडेपासून २-३ मिमी आत हवी आणि कोपरे ४-५ मिमी गोलाईचे. टोकदार कोपरा पाण्याच्या फवाऱ्याने आणि पँटच्या घासण्याने सगळ्यांत आधी सुटतो.

डावी आणि उजवी बाजू वेगळी काढायची असते, हेही इथेच ठरतं. घोडा, गरुड, बाण यांची प्रतिमा उलटी करावी लागते, म्हणजे दोन्हीकडे तोंड पुढच्या चाकाकडे राहतं. अक्षरं मात्र उलटी करायची नाहीत. एकच फाइल दोनदा कापली की एका बाजूचा घोडा मागे पळत सुटतो.

कुठल्याही प्लास्टिकवर चिकटेल, असं धरून चालणे

रंगवलेला पत्रा आणि गुळगुळीत एबीएस (एक प्रकारचं कडक प्लास्टिक) पॅनल यांवर गोंद चांगला बसतो. काळं, खरबरीत, न रंगवलेलं प्लास्टिक बहुधा पॉलिप्रॉपिलीन असतं. मडगार्डचा पुढचा भाग आणि टाकीखालचे काही पॅनल अशा प्लास्टिकचे असतात. त्यावर साधा गोंद धरतच नाही. ऑफ-रोड गाड्यांसाठी अर्धा मिमी जाडीचं, तीव्र गोंदाचं खास व्हिनाइल मिळतं, तेच तिथे लावा किंवा ती जागा सोडून द्या.

टाकी नुकतीच रंगवली असेल तर थांबा. ताज्या रंगातून सॉल्व्हंटची वाफ बाहेर पडत राहते आणि ती स्टिकरखाली अडकली की पुरळासारखे फुगे येतात. भट्टीत न भाजलेल्या रंगाला तीन-चार आठवडे द्यावे लागतात.

सायलेन्सरला लागून असलेल्या पॅनलवर मोठं ग्राफिक नको. इंजिनच्या पात्यांवर (फिन) तर काहीच नको, त्यांचं काम हवेने थंड राहण्याचं आहे. टाकीच्या झाकणातलं हवेचं बारीक छिद्र आणि चासी नंबरची जागा झाकू नका.

छपाई आणि अक्षरं

प्लॉटरने, म्हणजे संगणकावरून शीट कापणाऱ्या यंत्राने, कापलेल्या रंगीत व्हिनाइलचा रंग शीटच्या अंगातच असतो. छापील ग्राफिकचा रंग मात्र वरच्या थरात. त्यावर लॅमिनेशन नसेल तर पेट्रोलचा एक ओघळ पुरतो: शाई सैल होते आणि बोट लावताच फासते. लॅमिनेशन हवंच, आणि तेही छपाईनंतर निदान २४ तास शीट मोकळी वाळवून. लगेच लॅमिनेट केलं तर शाईतलं सॉल्व्हंट आत कोंडतं आणि गोंद मऊ पाडतं. म्हणून ‘तासाभरात देतो’ ही तत्परता छापील कामात घ्यायची नाही. लॅमिनेशन असलं तरी पेट्रोलच्या झाकणापासून २-३ सेंमी जागा मोकळी सोडा, कारण पेट्रोल कडेने आत शिरून गोंद विरघळवतं.

उन्हात मॅजेंटा आणि पिवळी शाई आधी उडते, त्यामुळे छापील लाल आणि भगवा लवकर फिका होतो. भगवा हवा असेल तर तो छापण्याऐवजी त्याच रंगाच्या शीटमधून कापून घ्या. फ्लोरोसंट रंग तर वर्षभरात उतरतात.

देवनागरी मजकुरावर स्वतः नजर ठेवा. इथल्या बऱ्याच दुकानांत अजून जुन्या हिंदी फॉन्टवर काम चालतं. तुम्ही मोबाइलवरून पाठवलेला युनिकोड मजकूर तिथे उघडला की मोडतो, मग तो हाताने पुन्हा टाइप होतो, आणि हिंदीची सवय असलेल्या हाताखाली ‘तुळजाभवानी’ची ‘तुलजाभवानी’ होते. कापण्याआधी पडद्यावर प्रत्येक अक्षर वाचून घ्या.

त्याहून नेहमी होणारी चूक शिरोरेषेची. देवनागरी अक्षरं फाइलमध्ये एकमेकांवर किंचित चढलेली असतात. ती वेल्ड करून सलग केली नाहीत तर प्लॉटर प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतो आणि शिरोरेषेत दर अक्षराला एक चीर पडते. सुरुवातीला ती दिसत नाही. महिन्याभरात त्या चिरांत धूळ बसते, तुकडे एकेक करून उचलले जातात आणि ‘मल्हार’ची रेषा तुटक होते. दुकानात वेल्ड करून बाह्यरेषा दाखवायला सांगा. अक्षरांच्या जोडावर आडवी-उभी रेघ दिसली तर काम अपुरं आहे. कुठलाही दांडा २-३ मिमीपेक्षा बारीक नको, आणि अनुस्वाराचा ठिपका थोडा मोठाच ठेवा. सुटून पडण्यात त्याचा पहिला नंबर असतो.

उठावाची, काचेसारखी डोम अक्षरं घेताना रेझिन कोणतं ते विचारा. इपॉक्सी उन्हात पिवळी पडते, पॉलियुरेथेन टिकतं.

लावताना होणाऱ्या चुका

दुपारी उन्हातून आणलेल्या गाडीवर लावणं ही सर्रास चूक. तापलेल्या टाकीवर गोंद टेकताक्षणी पकड घेतो, मग शीट सरकवता येत नाही आणि हवा आत राहते. पत्रा २० ते ३० अंशांच्या आसपास हवा. म्हणजे उन्हाळ्यात पहाटे, डिसेंबर-जानेवारीत दुपारी. पावसाळ्यात बंद, कोरड्या जागेत.

स्वच्छता या क्रमाने करा. आधी शाम्पूने धुणं. मग चेनचं तेल उडालेल्या जागी रॉकेलचा बोळा आणि पुन्हा शाम्पू. शेवटी ७०:३० प्रमाणात आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी, न धागे सुटणाऱ्या कापडाने, आणि ओलं असतानाच दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसून. टायर चमकवायचा किंवा डॅशबोर्डचा स्प्रे वापरलेला असेल तर सिलिकॉन उरतं आणि नुसत्या पाण्याने निघत नाही. अल्कोहोलचा हात दोन-तीनदा फिरवा. पॅनलच्या फटींत आणि रबराखाली पाणी दडून बसतं, म्हणून तासभर वाळू द्या.

साधं व्हिनाइल साबणाच्या पाण्यावर लावता येतं: १ लिटर पाण्यात बेबी शाम्पूचे ३-४ थेंब, जास्त नाही. पण शीटच्या मागे हवा निघण्यासाठी जाळीसारख्या बारीक खाचा असतील तर ती कोरडीच लावा. पाण्याने खाचा भरतात आणि त्यांचा उपयोगच संपतो. मधून कडेकडे, एकावर एक येणाऱ्या फटकाऱ्यांनी, फेल्ट लावलेल्या स्क्वीजीने (दाबायच्या सपाट पट्टीने) दाबत जा. हेअर ड्रायरची ऊब फक्त वळणावर. शीट फार ओढली की रंग फिका पडतो आणि ती मागे खेचली जाते.

काम झाल्यावरची एक पायरी हमखास राहून जाते. कास्ट व्हिनाइलच्या कडा आणि ओढून बसवलेले भाग हीट गनने सुमारे ९० अंशांपर्यंत तापवून घ्यायचे, म्हणजे शीट नव्या आकाराला ‘माझा हाच आकार’ म्हणून मानते. ती नाही केली तर पहिल्याच कडक उन्हात खोबणीतला भाग तंबूसारखा वर येतो. प्लास्टिकच्या पॅनलवर गन एका जागी धरू नका. नंतर दोन-तीन दिवस धुणं बंद.

बिघडलं तर

लहान फुगा: टाचणीने कडेला तिरकं छिद्र पाडा, अंगठ्याने छिद्राकडे दाबत आणा. ब्लेडने कापू नका, काप उन्हात रुंदावतो. ओल्या पद्धतीने लावलेल्या कामात पाण्याचे बारीक फुगे असतील तर आठवडाभर बघा, ते बहुधा स्वतःच जिरतात. आठवड्यानंतर नवे फुगे आले तर दोष खालच्या रंगाचा.

सुटलेली कड: खाली धूळ शिरली असेल तर पुन्हा चिकटवण्यात अर्थ नाही. तेवढा भाग गोलाई देऊन कापा आणि कड साफ करा. फेविक्विक अजिबात नको, तो व्हिनाइल कडक करतो आणि काढताना रंगाचा पापुद्रा सोबत आणतो.

रंगपंचमी आणि धुलाई

राजवाड्यावरच्या गेरेत, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीत, गाडी नेणार असाल तर पांढऱ्या आणि मॅट ग्राफिकची काळजी घ्या. पक्का रंग व्हिनाइलच्या आत मुरतो आणि मग कशानेही निघत नाही. मॅटला तर पॉलिशही करता येत नाही. आदल्या दिवशी चकचकीत ग्राफिकवर मेणाचा पातळ हात द्या, मॅटवर प्लास्टिक बांधा, आणि घरी येताच गार पाण्याने व शाम्पूने धुवा. नवं काम करायचंच असेल तर रंगपंचमी उलटल्यावर, एप्रिलचं ऊन तापायच्या आधी करावं.

वॉशिंग सेंटरवर प्रेशरची नळी फूटभर तरी लांब आणि सरळ धरायला सांगा. तिरकी धार कडेखाली शिरते.

नियमांपुरतं

गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो. पट्टे किंवा नाव वेगळं, पण संपूर्ण गाडी दुसऱ्या रंगात गुंडाळली तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा प्रश्न उभा राहतो, आधी आरटीओत विचारा. लष्करी हिरवा कितीही आवडला तरी सोडा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२१ तो रंग संरक्षण खात्याच्या वाहनांपुरता राखून ठेवतो. एमपी ०९ च्या नंबर प्लेटवर, इंडिकेटरवर, हेडलाइटवर आणि मागच्या लाल रिफ्लेक्टरवर काहीही चिकटवू नका.

जुनं काढताना

आधी नखाने कड लागते का बघा. लागत नसेल तर कंपनीचं ग्राफिक क्लिअर कोटच्या (रंगावरच्या पारदर्शक थराच्या) खाली आहे आणि ते खरवडून निघणार नाही, त्यासाठी टाकी पुन्हा रंगवावी लागते. कड लागत असेल तर हेअर ड्रायरने हाताला चांगलं गरम लागेपर्यंत तापवा आणि शीट स्वतःवर दुमडून, सावकाश, ४५ अंशांच्या कोनात ओढा. झटका दिला की गोंद मागे राहतो. उरलेल्या गोंदावर रॉकेलचा बोळा पाच मिनिटं ठेवा, पुसा, शाम्पूने धुवा. थिनर एबीएसवर आणि व्हायझरवर लावू नका. प्लास्टिकला केसासारख्या चिरा पडतात. स्टिकर बरीच वर्षं जुना असेल तर खालचा रंग आजूबाजूपेक्षा गडद निघतो. रबिंग कंपाउंडने तो फरक थोडा कमी होतो, पूर्ण जात नाही, म्हणून नवं डिझाइन त्या सावलीपेक्षा चहूबाजूंनी ५ मिमी मोठं ठेवा.