वर चढण्याआधी बेल्ट हातात घ्या

मराठवाड्यातल्या साखर कारखान्यांत गाळप आटोपलं की उंचीवरची कामं निघतात: बॉयलरवरचे पाइप, ऊस आत नेणाऱ्या केन कॅरिअरची शेड, गोदामाचे पत्रे, चिमणीचा रंग. अग्निप्रदीपनाची, म्हणजे बॉयलर पेटवायची तारीख जवळ आली की ठेकेदाराची घाई वाढते आणि स्टोअरच्या कोपऱ्यात महिनोन्‌महिने पडलेले सेफ्टी बेल्ट झटकून अंगावर चढतात. एका बेल्टच्या तपासणीला पाच-सहा मिनिटं लागतात. ती खाली, चांगल्या उजेडात, स्वच्छ ताडपत्रीवर करायची.

ढिगातून नुसता कमरेचा पट्टा निघाला तर तो आधीच बाजूला टाका. पडल्यावर सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर येतो, माणूस पट्ट्यातून निसटूही शकतो. खांदे, छाती आणि मांड्या धरणारा फुल बॉडी हार्नेसच हवा. त्याच्या लेबलवर आयएस ३५२१ हे भारतीय मानक, उत्पादनाची तारीख आणि अनुक्रमांक वाचता आला पाहिजे. लेबल पुसलं असेल तर तो हार्नेस किती जुना हे कळायला मार्ग नाही. तो वापरातून काढा. वापराची मुदत कंपनीच्या पुस्तिकेत असते. पुस्तिका सहसा पहिल्याच दिवशी खोक्याबरोबर जाते, ती जपून ठेवा.

पट्टा आणि शिवण

नुसत्या नजरेनं पट्टा कळत नाही. दोन्ही हातांत वीतभर अंतरावर धरा आणि कमानीसारखा वर वाकवा. वाकलेल्या जागी धागे ताणले जातात आणि एरवी न दिसणारा काप उघडा पडतो. असं वीत-वीत सरकत पूर्ण पट्टा तपासा, मग उलटा करून तेच पुन्हा. कडा बोटाच्या चिमटीतून ओढून बघा, कारण काप बहुतेकदा कडेलाच सुरू होतो. बोटाला काचेच्या मण्यासारखा कडक ठिपका लागला तर ती वेल्डिंगची ठिणगी आहे. ठिपका बारीक दिसतो, पण तिथले धागे वितळून एकमेकांना चिकटलेले असतात. पट्टा कडक, खरखरीत आणि विटका झाला असेल तर त्यानं ऊन खाल्लंय. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्यावर वाळत टाकलेला बेल्ट असाच वाया जातो.

कारखान्यात आणखी एक भानगड असते. रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या नळ्या धुवायला कॉस्टिक सोडा लागतो, रस साफ करायला चुना आणि गंधकाचा धूर. पॉलिस्टरचा पट्टा कॉस्टिकसारख्या क्षाराला कच्चा, तर नायलॉनचा आम्लाला. म्हणून आपला पट्टा कशाचा आहे हे लेबलवर बघून ठेवा. पांढरट डाग, रंग उडालेली जागा किंवा नखानं खरवडल्यावर सुटणारे तंतू दिसले तर धुऊन चालवून घेऊ नका, बेल्ट काढून टाका.

शिवणीचा दोरा बऱ्याचदा वेगळ्या रंगाचा असतो, तो तुटलेला टाका चटकन दिसावा म्हणूनच. पाठीच्या डी-रिंगजवळची (दोरी अडकवायची लोखंडी कडी) आणि मांडीच्या पट्ट्यांची शिवण सगळ्यात बारकाईनं बघा. डी-रिंग मागे-पुढे फिरवा: वाकलेली, गंजानं खड्डे पडलेली, चीर गेलेली चालत नाही. काही हार्नेसमध्ये तिथेच पट्ट्याची घडी घालून शिवलेली असते. ती उसवली असेल तर त्या हार्नेसनं कुणाला तरी एकदा झेललंय, त्याचं काम संपलं. पट्टा बसत नाही म्हणून तापल्या खिळ्यानं जादा भोक पाडलेलं आढळलं, तरी तो बाद.

दोरी, हूक आणि झटका शोषणारा भाग

हूक एकाच दाबानं उघडता कामा नये. आधी मागची पट्टी दाबायची, मग तोंड उघडायचं, आणि सोडल्याबरोबर ते आपोआप खटकन बंद व्हायला हवं. अर्धवट उघडं राहिलं तर आत मळी, सिमेंट किंवा चिकट रस बसलाय. कोमट पाण्यात सौम्य साबणानं धुऊन सावलीत वाळवा. तरीही अडकत असेल तर तो हूक वापरू नका. डिझेल किंवा ग्रीस चोपडायचं नाही, त्यावर धूळ बसते आणि स्प्रिंग आणखी जड होते.

शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं कव्हर फाटलेलं किंवा आतली घडी बाहेर आलेली असेल तर तो एकदा उघडलाय, पुन्हा झटका घेणार नाही. धड असेल तर तो शरीरावरचा झटका ६ किलोन्यूटनच्या आत, म्हणजे साधारण ६०० किलोच्या भाराइतका ठेवतो. दोरी लांब वाटली म्हणून तिला गाठ मारू नका. गाठीजवळ दोरीची ताकद निम्म्यापर्यंत उतरू शकते.

दोन हूकांची दोरी असेल तर सरकताना एक अडकलेला ठेवूनच दुसरा सोडायचा. रिकामा हूक हार्नेसच्या लोखंडी रिंगला लावू नका. पडल्यावर तो फाटा ताणला जातो आणि अ‍ॅब्सॉर्बर उघडतच नाही. हूक ठेवायला छातीवर वेगळा नाजूक लूप दिलेला असतो.

घातल्यावर

मांडीच्या पट्ट्यात सपाट तळवा जावा, मूठ जाऊ नये. मागची डी-रिंग दोन खांद्यांच्या मधोमध यायला हवी, कमरेशी लोंबू नये. हे स्वतःला दिसत नाही, जोडीदाराला बघू द्या. हेल्मेटचा हनुवटीचा पट्टा लावा, नाहीतर पडताना हेल्मेट आधी जातं.

हूक कशात अडकवायचा? केबल ट्रे, वाफेचा बारीक पाइप, सैल रेलिंग यांत अजिबात नको. छपराच्या कैचीचा मुख्य अँगल किंवा बीम निवडा, शक्यतो डोक्याच्या वर. मग खाली मोकळी जागा किती ते मोजा. दोरी १.८ मीटर, अ‍ॅब्सॉर्बर उघडून वाढणारी लांबी १.७५ मीटर, डी-रिंगपासून पायापर्यंत १.५ मीटर आणि राखीव १ मीटर. म्हणजे हूकच्या खाली सहा मीटरहून थोडी जास्तच जागा लागते. गोदामाची कैची पाच मीटरवर आहे आणि हूक पायाशी लावलाय, तर सगळं नवं कोरं असूनही माणूस जमिनीवर आदळेल. तिथे आखूड दोरी किंवा दोरी आपोआप आत ओढून घेणारा ब्लॉक घ्या. ब्लॉकची दोरी हिसका देऊन ओढली की जागीच अडायला हवी. नाही अडली तर ब्लॉक परत.

सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय ठेवायचाच नाही. उजेडासाठी बसवलेला प्लास्टिकचा पत्रा धुळीनं इतका मळतो की शेजारच्या सिमेंटच्या पत्र्यापासून ओळखू येत नाही. पत्र्याखालच्या आडव्या पर्लिनवर टेकलेल्या रुंद फळ्या टाकून चाला, आणि फळ्या बांधून ठेवा. दोरी पत्र्याच्या धारेवरून जात असेल तर मध्ये जाड गोणपाट किंवा रबर घाला.

चढण्याआधी आणखी एक गोष्ट ठरवा: कुणी पडून लटकलं तर त्याला खाली कोण आणणार आणि कशानं. मांड्यांच्या पट्ट्यांत लोंबकळलेल्या माणसाचं रक्त पायात साचतं आणि पंधरा मिनिटांच्या आतही तो बेशुद्ध होऊ शकतो. शिडी आणि सुटका करायची दोरी कामाच्या जागीच हवी. कुलपातल्या स्टोअरमध्ये असेल तर तिचा उपयोग नाही.

काम झाल्यावर बेल्ट खुंटीला, सावलीत, बॅटरीपासून लांब टांगा. साखरेच्या वासाला उंदीर येतात आणि जमिनीवर पडलेले पट्टे कुरतडतात. क्रमांक मार्करनं पट्ट्यावर लिहू नका, शाईतलं द्रावण धाग्याला बाधू शकतं. त्यासाठी वेगळा बिल्ला बांधा. बाद झालेला हार्नेस तसाच भंगारात टाकला तर आठवड्याभरात कुणीतरी उचलून पुन्हा अंगावर घालतं, किंवा तो उसाच्या ट्रॉलीवर बांधलेला दिसतो. कात्रीनं त्याचे पट्टे तीन-चार ठिकाणी कापा, मगच टाका.