फोनवर सांगायला रोज एक गोष्ट

कोल्हापूरहून बदली होऊन नागपूरला आलो, तेव्हा पहिले चार महिने लेक रोज रात्री फोनवर एकच विचारायची, "पप्पा, आज काय केलं?" आणि मी रोज एकच सांगायचो, "काही नाही गं." ते खोटं नव्हतं. ऑफिसातून प्रतापनगरच्या खोलीवर यायचो, मेसचा डबा उघडायचो, जेवायचो आणि मोबाइल बघत पडायचो. एके रात्री ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग ठेवू?"

त्या दोन शब्दांनी रात्रभर झोप लागू दिली नाही. सकाळी उठून ठरवलं, की रोज घरात एक तरी अशी गोष्ट करायची, जी रात्री फोनवर सांगता येईल. बाहेर फिरण्यासारखं नागपुरात पुष्कळ आहे, फुटाळा आहे, अंबाझरी आहे. पण रविवार आठवड्यातून एकदाच येतो, खोलीवर मात्र रोज यावं लागतं. म्हणून खोलीतल्याच गोष्टी सांगतो. आज तिसरं वर्ष चालू आहे आणि "काही नाही" म्हणायची वेळ क्वचितच येते.

सकाळी काहीतरी भिजत घाला

एकट्या माणसाला सगळ्यात जड जाते ती संध्याकाळची साडेसातची वेळ. कुलूप काढायचं, अंधारात हात फिरवून बटण शोधायचं आणि आत कुणीच नसतं. ही वेळ सोपी करायची, तर आत काहीतरी आपली वाट बघत असलं पाहिजे. माझ्यासाठी ते काम मटकीनं केलं.

एक वाटी मटकी घ्या. ताटात पसरून खडे निवडा, दोनतीन पाण्यांनी धुवा आणि ऑफिसला निघताना भरपूर पाण्यात भिजत टाका. संध्याकाळी आल्यावर ती फुगून दुप्पट झालेली दिसेल. तळाशी काही दाणे तसेच टणक, बारीक राहतात. ते कुचर, काढून टाका, नाहीतर नेमके दाताखाली येतात. मग सगळं पाणी निथळू द्या. ही पायरी घाईत उरकू नका, कारण पाणी राहिलं की मटकी चिकट होते आणि आंबूस वास येतो. ओलसर सुती पंचात गच्च बांधा, पुरचुंडी चाळणीत ठेवा, वर झाकण.

कोल्हापूरचा अंदाज इथे चालत नाही, हे मला चुकून चुकून कळलं. मे महिन्यात रात्री बांधलेली मटकी सकाळी सहाला बोटाच्या पेराएवढे मोड घेऊन कापडातून बाहेर डोकावते. तेव्हा ती लगेच फ्रीजमध्ये टाकायची. डिसेंबरात मात्र नागपूरची थंडी चांगली बोचरी असते. दीड दिवस झाला तरी नुसतं पांढरं टोक दिसतं. मग मी पुरचुंडी स्टीलच्या डब्यात घालतो आणि डब्याला जुना स्वेटर गुंडाळतो. सकाळी स्वेटर सोडून बघायचं, एवढ्याशा कामासाठी मी गजर व्हायच्या आधी उठू लागलो.

आता उसळ. तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता. मग कांदा, तो लालसर झाला की घरून आलेली कांदा-लसूण चटणी, एका वाटीला दीड चमचा. मटकी घालून परता, गरम पाणी ओता, झाकणावरही पाणी ठेवा आणि मंद आचेवर पंधरा मिनिटं शिजू द्या. मीठ आणि गुळाचा खडा शेवटी. चटणी तेलात पडली की कोल्हापूरच्या स्वयंपाकघराचा वास येतो, आणि वासाला तिकीट काढावं लागत नाही.

पहिल्यांदा केली तेव्हा वरच्या मजल्यावरच्या घरमालकीण काकू जिन्यातूनच म्हणाल्या, "भाऊ, काय बनवून राहिले जी? वास वरपर्यंत आला." वाटीभर वर दिली. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली ती सांबारवडी घेऊन. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. सांबार, खसखस, खोबरं भरलेली ती खुसखुशीत वडी. त्या रात्री फोन पंचवीस मिनिटं चालला. एकट्यानं रांधत असाल, तर एक वाटी जास्त करा आणि ती कुठे द्यायची ते आधीच ठरवून ठेवा.

उन्हाळ्याची भीती घालवा

नागपूरचा उन्हाळा म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या पोटात गोळा येतो. 23 मे 2013 ला इथे 47.9 अंश तापमान नोंदलं गेलं होतं. 25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नवतपा सुरू होतो, ते नऊ दिवस तर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. पण माझी सगळ्यात आवडती संध्याकाळ याच दिवसांतली आहे, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

आधी माठ. नवा माठ आणला की साबण लावू नका, त्याच्या बारीक छिद्रांत साबण बसतो. नुसत्या हातानं धुवा, पाण्यानं भरून एक दिवस ठेवा, ते पाणी झाडांना घाला आणि मग प्यायला वापरा. खाली ओली वाळू पसरलेलं तसराळं ठेवा. माठ वाऱ्याच्या वाटेवर हवा, कोपऱ्यात कोंबू नका. पाणी झिरपून बाहेरून वाळतं, म्हणून आतलं गार होतं. हवा जितकी कोरडी, तितकं पाणी गार. त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यात माठाचं पाणी जसं लागतं, तसं मला कोल्हापुरात कधी लागलं नाही. वाळ्याची छोटी जुडी धुऊन, दोऱ्यानं बांधून आत सोडा. ऑफिसातून आल्यावर मी दिवा लावायच्याही आधी एक पेला पितो, उभ्यानं नाही, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून.

मग कूलर. तोही याच तत्त्वावर चालतो, म्हणून समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवायची. सगळं बंद करून बसलात तर खोली दमट होते आणि अंग चिकचिकतं. मोसमाच्या सुरुवातीला जुनं गवत काढून वाळा बसवा. पहिल्या दिवशी टाकी भरून आधी नुसता पंप सुरू करा, पंखा नको. पाणी वरून थेंब थेंब उतरतं, कोरडा वाळा काळसर होत जातो. पाचएक मिनिटांनी पंखा लावा. पहिली झुळूक येते ना, तिला पहिल्या पावसाचा आणि देवघराचा मिळून वास असतो. मी डोळे मिटून तसाच उभा राहिलो होतो. टाकीतलं पाणी मात्र आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासून कोरडी करा, साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात.

खिडकीच्या कट्ट्यावर मातीच्या परळात पाणी ठेवा, रोज बदला. आधी साळुंक्या आल्या, मग बुलबुलाची जोडी. सकाळी चहा घेताना ती जोडी परळाच्या काठावर बसून पाण्यात चोच बुडवते, मान वर करून गिळते, पुन्हा बुडवते. आठवड्यातला एक दिवस लेकीला मी फक्त हेच सांगतो.

संत्र्याचे दिवस

नागपूरच्या संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आंबिया बहाराची (बहार म्हणजे झाडाचा फुलोरा) फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात बाजारात येतात आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे हिवाळ्याच्या दोन्ही टोकांना घरात संत्री असतात. एक किलो आणा, त्यातली तीन डोळ्यांसमोर ठेवा. फ्रीजमध्ये गेलेलं संत्रं विसरलं जातं.

लेकीला व्हिडिओवर दाखवलेला एक खेळ सांगतो. खोलीतला दिवा घालवा, मेणबत्ती लावा. संत्र्याच्या सालीचा ताजा तुकडा ज्योतीपासून वीतभर लांब धरून, बाहेरची बाजू ज्योतीकडे करून, चटकन दुमडा. सालीतल्या तेलाचे बारीक तुषार उडतात आणि ज्योतीत फुलबाजीसारख्या ठिणग्या होतात. "पप्पा, परत!" असं करत तिनं चार संत्र्यांची साल संपवायला लावली. बारावीचा अभ्यास, क्लास, सगळं बाजूला ठेवून ती हसत होती. खोलीत रात्रभर संत्र्याचा वास होता. पडदे आणि कागद जवळ नसावेत, एवढं बघा.

उरलेली साल टाकू नका. सावलीत खुडखुडीत वाळवून मिक्सरमधून काढा आणि डब्यात भरा. बेसनात मिसळून अंगाला लावायला छान होते. दिवाळीला जाताना मी हीच पूड नेतो.

घरी संत्री पाठवायची असतील, तर देठ असलेली, घट्ट सालीची निवडा. साल सुटून फोफशी झालेली फळं इथेच खाऊन टाका. धुऊ नका. एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून भोकं पाडलेल्या खोक्यात लावा. गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस नागपूरवरून जाते. तिनं कुणी ओळखीचं निघालं की माझं खोकं त्यांच्या हाती असतंच.

फोन ओट्यावर ठेवा

समोरासमोर चेहरे धरून बोलायला रोज विषय सापडत नाही. दहा मिनिटांत दोघांनाही कळतं, की आता सांगण्यासारखं संपलं. रविवारी बायको आणि मी वेगळं करतो. सकाळी दहाला फोन लावायचा, डब्याला टेकवून ओट्यावर ठेवायचा आणि आपापला स्वयंपाक करायचा. ती तिकडे भाकऱ्या थापते, मी इकडे पोह्यांसाठी हरभऱ्याची तर्री करतो. बोलणं झालं तर झालं. कधी पाच मिनिटं नुसता भांड्यांचा आवाज असतो. मग मध्येच ती म्हणते, "अहो, गॅस बारीक करा, मोहरी जळतेय. मला इथवर ऐकू येतेय." एवढ्या लांबून माझी फोडणी कुणीतरी ऐकतंय, यासारखं सुख मला दुसरं सांगता यायचं नाही.

एक वहीही करा. इथे कानावर पडलेला नवा शब्द रोज लिहायचा. टोमॅटोला भेदरं, शेंगदाण्याला फल्ली, का-ला काहून. लेक आता आधी शब्दच विचारते. सणांचंही तसंच. आमच्याकडे बैलांचा बेंदूर आषाढात होतो, इथे पोळा श्रावणी अमावास्येला आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लहान मुलं लाकडी बैल सजवून दारोदार येतात आणि बोजारा मागतात. त्या दिवसासाठी सुट्टे पैसे आणि खाऊ काढून ठेवा, दार उघडं ठेवा. पहिल्या वर्षी मला माहीत नव्हतं, मुलं दारावरून हिरमुसून गेली. दुसऱ्या वर्षी सतरा बैल आले. मीही वीतभर उंचीचा एक बैल आणला, तो आता माठाशेजारी उभा असतो.

आईसाठी पोस्टकार्ड

आईला कानानं कमी येतं. फोनवर ती नुसतं "बरा आहेस ना? जेवलास ना?" म्हणते आणि फोन सुनेकडे देते. वाचायला मात्र चष्मा लावून अजून वाचते. म्हणून तिच्यासाठी पोस्टकार्डं आणून ठेवली आहेत. पन्नास पैशांचं कार्ड, त्यावर जागा इतकी थोडी, की आठवड्यातली एकच गोष्ट मावते. कोणती लिहायची ते बुधवारपासूनच मनात घोळत असतं. पत्ता आधी लिहून ठेवा, म्हणजे कंटाळा आड येत नाही. शाई गडद वापरा आणि अक्षर मोठं काढा.

मटकीला स्वेटर घातल्याचं तिला लिहिलं होतं. दहा दिवसांनी उत्तर आलं, वाकड्यातिकड्या मोठ्या अक्षरांत, तिच्या हातचं. माझ्या आठवणीत तिनं मला लिहिलेलं ते पहिलंच पत्र. "मीठ शेवटी घालतोस ना? आधी घातलंस तर मटकी दडस राहते. संत्री गोड होती. बुलबुल अजून येतात का?"

ते कार्ड बैलाच्या पाठीशी टेकवून ठेवलंय. बुलबुल येतात. काल तिघं आले होते, तिसरं पिल्लू होतं आणि त्याला काठावर नीट बसताही येत नव्हतं. या आठवड्याच्या कार्डावर तेच लिहिणार आहे.