सिगारेट सोडण्यासाठी व्हेप: ब्रिटनमध्ये लिक्विड निवडताना

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि सिगारेट सोडायची म्हणून व्हेपकडे, म्हणजे लिक्विड तापवून त्याची वाफ ओढायच्या यंत्राकडे, वळणाऱ्या प्रौढांसाठी ही माहिती आहे. जो सिगारेट ओढत नाही, त्याने व्हेपच्या वाटेला जाऊ नये. निकोटिनचं व्यसन लागतं आणि व्हेप निरुपद्रवी नाही. सिगारेटपेक्षा हानी बरीच कमी, एवढंच ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा एनएचएस सांगते आणि तेवढंच धरून चालावं. गरोदर असाल तर आधी मिडवाइफशी बोला.

१ जून २०२५ पासून इथे वापरून फेकायच्या व्हेपच्या विक्रीवर बंदी आली. तेव्हापासून बाटलीतलं लिक्विड आणून स्वतः भरणारे वाढले आणि चुकीची बाटली घरी आणणारेही वाढले. बहुतेकजण चवीपासून सुरुवात करतात. चव शेवटी बघा. आधी दोन गोष्टी पक्क्या करा: हातातलं यंत्र कोणतं आणि दिवसाला सिगारेटी किती.

यंत्र ओळखायला कॉइलवरचा आकडा वाचा. कॉइल म्हणजे लिक्विड तापवणारी तार, तिच्याभोवती लिक्विड शोषणारा कापूस असतो. ०.८ ते १.२ ओहमची कॉइल असेल तर ते सिगारेटसारखं ओढायचं यंत्र: वाफ आधी तोंडात, मग छातीत. १० ते १८ वॅटवर ते चालतं. छोटे पॉड, म्हणजे लिक्विडची छोटी डबी बसवायची यंत्रं, बहुतेक याच जातीचे. ०.५ ओहमपेक्षा कमी आकडा असेल तर ती सब-ओहम कॉइल. ती ४० वॅट आणि त्याहून जास्तही खाते आणि एका दमात कितीतरी जास्त वाफ देते. सिगारेट सोडणाऱ्याने पहिल्याच प्रकारापासून सुरुवात करावी.

लिक्विडमध्ये मुख्यतः दोन द्रव असतात. पीजी (प्रोपिलीन ग्लायकोल) पातळ असतं, चव चांगली देतं आणि घशाला जाणवतं. व्हीजी (व्हेजिटेबल ग्लिसरीन) घट्ट आणि किंचित गोड असतं, ढग त्यानेच होतात. पॉडला ५०/५० (दोन्ही निम्मं-निम्मं) घ्या, सब-ओहमला ७० टक्के किंवा त्याहून जास्त व्हीजी. उलटं केलं की काय होतं ते सांगतो. घट्ट लिक्विड पॉडच्या बारीक छिद्रांतून कापसापर्यंत वेळेत पोचत नाही, कापूस कोरडा पडून जळतो आणि घशाला करपट चटका बसतो. अशी करपलेली कॉइल पुन्हा सुधारत नाही, बदलावीच लागते. पातळ लिक्विड सब-ओहम टँकमध्ये घातलं तर ते खालून गळतं किंवा तोंडात थेंब उडतात. ५०/५०ने घसा सतत खवखवत असेल तर व्हीजी थोडं वाढवून बघा. तोंडाला कोरड पडणं मात्र नेहमीचं आहे, पाणी पीत राहा.

आता निकोटिन. सर्वांत जास्त माणसं इथेच चुकतात. ‘कमी ते बरं’ म्हणून दिवसाला वीस सिगारेटी ओढणारा मिलिलिटरला ३ मिलिग्रॅम निकोटिनची बाटली घेतो, तलफ भागत नाही, चौथ्या दिवशी पुन्हा सिगारेट पेटते आणि दोष व्हेपला मिळतो. ब्रिटनमध्ये कायद्याने कमाल मर्यादा २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर आहे. बाटलीवर २ टक्के लिहिलं असेल तर तेही हेच. पॉडसाठी ढोबळ हिशोब असा: दिवसाला वीस किंवा जास्त, किंवा उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल, तर १८ ते २०; दहा ते वीस असतील तर १० ते १२; त्याहून कमी असतील तर ३ ते ६. चक्कर, मळमळ, डोकेदुखी किंवा उचकी सुरू झाली तर थांबा आणि पुढच्या वेळी कमी घ्या. दर दोन मिनिटांनी हात व्हेपकडे जात असेल तर ताकद कमी पडते आहे.

तीच ताकद दोन रूपांत मिळते. फ्रीबेस हे जुनं रूप. ते अल्कधर्मी असल्यामुळे १२च्या वर घशाला चांगलाच ठसका देतं. काहींना तो हवा असतो, सिगारेट ओढल्यासारखं वाटतं. निकोटिन सॉल्टमध्ये बहुधा बेन्झोइक आम्ल मिसळलेलं असतं, त्यामुळे २०ची ताकदही घशाला मऊ लागते. रोज पाकीट संपवणाऱ्याने पॉडमध्ये ५०/५०चं २०चं सॉल्ट घ्यावं, आमचा कौल त्यालाच. पण २०चं सॉल्ट सब-ओहममध्ये कधीही घालू नका. वाफ जास्त, म्हणून निकोटिनही जास्त, आणि घसा सावध करत नाही.

निकोटिनच्या बाटल्या १० मिलिलिटरपेक्षा मोठ्या विकता येत नाहीत, म्हणून सब-ओहमवाल्यांसाठी शॉर्टफिल निघाल्या. ६० मिलिलिटरच्या बाटलीत ५० मिलिलिटर बिननिकोटिनचं लिक्विड असतं. त्यात १८च्या ताकदीचा १० मिलिलिटर निक शॉट (निकोटिनची छोटी बाटली) ओतायचा: १८० मिलिग्रॅम भागिले ६०, म्हणजे ३. दोन-तीन मिनिटं जोरात हलवा. हातावर सांडलं तर लगेच साबणाने धुवा. १ ऑक्टोबर २०२६ पासून दर १० मिलिलिटरला २.२० पौंड कर ठरला आहे आणि तो बिननिकोटिनच्या लिक्विडलाही आहे, त्यामुळे शॉर्टफिल स्वस्त पडते हा हिशोब पुन्हा मांडावा लागेल.

नवी कॉइल बसवल्यावर पॉड भरून दहा मिनिटं तसाच ठेवा, कापूस भिजू द्या. मिठाईसारख्या गोड चवींतलं सुक्रालोज हे गोडी आणणारं द्रव्य कॉइलवर काळा थर धरतं. साध्या पुदिन्यावर टिकते तितकी कॉइल त्यावर टिकत नाही. खाण्याचं तेल, इसेन्शियल ऑइल असलं काही घरी मिसळू नका, तेल फुप्फुसात जाता कामा नये. बाटल्या कुलपात ठेवा. लहान मुलाच्या पोटात थोडं गेलं तरी तो जिवाशी खेळ आहे.

सिगारेट पूर्ण सुटल्यावर घाई न करता उतरा: सॉल्टमध्ये २०, १०, ५, फ्रीबेसमध्ये १८, १२, ६, ३. प्रत्येक पायरीवर काही आठवडे थांबा. तलफेने सिगारेट आठवू लागली तर एक पायरी वर या.

सुट्टीला मुंबई-पुण्याला जाताना व्हेप बरोबर नेऊ नका. भारतात २०१९च्या कायद्याने आयात, विक्री आणि साठा, सगळ्यावर बंदी आहे. त्याऐवजी निकोटिन गम न्या: उठल्यावर अर्ध्या तासात तलफ येणाऱ्याने ४ मिलिग्रॅमचा, बाकीच्यांनी २चा. झिणझिण्या येईपर्यंत हळू चावा, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवा, चव ओसरली की पुन्हा चावा. असं अर्धा तास. चहा-कॉफीने तोंड आम्लधर्मी होतं आणि गममधलं निकोटिन नीट शोषलं जात नाही, म्हणून नातेवाइकांकडचा चहा झाल्यावर पंधरा मिनिटं थांबून मगच गम तोंडात टाका.