वायूने रंग बदलणारी खूण कशी वाचावी

इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक केलेल्या सिरिंज किंवा कॅथेटरच्या पाकिटावर बहुधा रंग बदलणारी खूण असते. पाकीट उघडण्यापूर्वी ते खिडकीजवळ, चांगल्या उजेडात धरावे आणि खुणेचा रंग पाकिटावर किंवा खोक्यावर छापलेल्या नमुन्याशी ताडून पाहावा. उत्पादकागणिक रंग वेगळे असल्याने आठवणीवर विसंबू नये. बदललेला रंग एवढेच सांगतो की पाकिटापर्यंत वायू पोहोचला होता. आतली वस्तू निर्जंतुक असल्याची ती हमी नव्हे, आणि घाईच्या वेळी नेमका हाच फरक नजरेआड होतो.

ऑक्सिजनविरहित पाकिटातील मेथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याची खूण उलट अर्थाने वाचावी लागते: ऑक्सिजन नसताना ती फिकट किंवा गुलाबी राहते, हवा शिरली की निळसर होते. निळी दिसल्यास पाकीट बाजूला काढावे.

रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात साठवणीकडे अधिक लक्ष द्यावे. पाकिटे ओलसर भिंतीला न टेकवता, जमिनीपासून उंच, बंद कपाटात ठेवावीत. कागदी बाजूला ओल लागलेले किंवा चिकटवलेली कड सुटलेले पाकीट, खुणेचा रंग कितीही योग्य दिसला तरी, वापरू नये.