पुण्याहून बल्ब आणू नका

जर्मनीत भाड्याच्या घराची किल्ली मिळाली की आधी वर बघा. बऱ्याच घरांत छतातून नुसत्या वायरी लोंबत असतात; दिवे आधीचा भाडेकरू काढून नेतो. माझी पहिली रात्र मोबाईलच्या टॉर्चवर गेली, आणि बॅगेत पुण्याहून आणलेले सहा एलईडी बल्ब होते! सहाही पिनचे.

इथे आट्यांचे होल्डर चालतात. मोठा ई-२७, छोटा ई-१४. आकडा म्हणजे आट्यांचा व्यास, मिलिमीटरमध्ये. छतात बसवलेल्या स्पॉटलाइटला बहुधा जीयू-१०: दोन जाडसर पाय, खोचायचे आणि फिरवायचे. घरात जुना बल्ब असेल तर तोच खिशात घालून दुकानात जा.

खोक्यावर वॅट नाही, लुमेन बघा. जुन्या ६० वॅटच्या बल्बाइतका उजेड म्हणजे ८०६ लुमेन. साध्या एलईडीला त्यासाठी साधारण ८ वॅट लागतात. रोज चार तास लावला तर वर्षाला ७६ युनिट वाचतात. ३५ सेंट युनिट धरलं तरी २६ युरो, तेही एका बल्बामागे.

२०२१ पासून बल्बांवर ए ते जी असं नवं लेबल आहे. हाच ८ वॅटचा बल्ब त्यात एफ ठरतो; घाबरू नका. ए मिळवायला वॅटमागे २१० लुमेन लागतात. असा ४ वॅटचा महागडा बल्ब एफपेक्षा वर्षाला जेमतेम दोन युरो वाचवतो. संध्याकाळभर जळणाऱ्या दिव्याला घ्या, कोठीच्या खोलीत कशाला?

रंगाचं मात्र मन घट्ट करा. आपल्याला ६५०० केल्विनचा पांढराशुभ्र उजेड लागतो. पिवळा दिसला की व्होल्टेज पडल्यासारखं वाटतं. इथे घरोघरी २७००च. डिसेंबरात साडेचारला अंधारतं, त्या लांबलचक संध्याकाळी तो पिवळाच बरा वाटायला लागतो. ओट्यावर मी ४००० लावलाय, कोथिंबीर निवडायला.

आणि त्या लोंबत्या वायरी. आपल्याकडे लाल म्हणजे फेज. इथल्या १९६५ पूर्वीच्या वायरिंगमध्ये लाल वायर अर्थिंगची असायची, पण मधल्या काळात कुणी काय जोडलंय सांगता येत नाही. जुनी इमारत असेल तर रंगावर विसंबून शिडीवर चढू नका, इलेक्ट्रिशियन बोलवा.