गूगलचं पान अचानक वेगळं दिसतंय? मग या चुका टाळा

"ताई, गूगल बिघडलंय, जरा येऊन जाता का?" असा फोन आला की मी आधी एकच विचारते, नेमकं काय बदललंय? उत्तर ठरलेलं असतं, "ते सांगता येत नाही, पण काहीतरी वेगळं दिसतंय."

पुण्यातल्या कोथरूड आणि पेठांमधल्या ज्येष्ठ मंडळींना मी बरीच वर्षं कॉम्प्युटर शिकवते, अडलंनडलं तर घरी जाऊन बघते. जे पान आपण दिवसातून सतरा वेळा उघडतो ते कधी निरखून पाहिलेलंच नसतं, हे मला प्रत्येक घरात दिसतं. मग त्यावर एखादं बटण वाढलं की जीव घाबरा होतो आणि माणूस हाताला येईल ते दाबत सुटतो. बदलामुळे सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते या दाबादाबीने.

गूगल आपलं पान सारखं बदलत असतं. मोठा बदल असला तर त्यांच्या ब्लॉगवर लिहून येतं, पण एखादं चिन्ह सरकलं किंवा रंग थोडा गडद झाला तर त्याची दवंडी कोणी पिटत नाही. त्यांनीच जाहीर केलेल्या आकड्यांप्रमाणे २०२२ या एका वर्षात सर्चमध्ये ४,७०० हून जास्त बदल झाले आणि प्रत्यक्ष वापरणाऱ्यांवर १३,००० हून जास्त प्रयोग झाले. २०१४ च्या मे महिन्यात तर लोगोतलं दुसरं 'जी' एक पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका, उजवीकडे आणि 'एल' एक पिक्सेल खाली आणि उजवीकडे सरकवलं होतं. तेवढंही लोकांनी पकडलं! म्हणजे लक्ष असलं की दिसतं.

कस्टमर केअरचा नंबर शोधणं

ही चूक मी सगळ्यात वर ठेवते, कारण बाकीच्या चुकांमध्ये वेळ जातो, हिच्यात पैसे जातात.

नारायण पेठेत एक निवृत्त शिक्षक राहतात. २०२५ च्या जुलैत गूगलने भारतात 'एआय मोड', म्हणजे प्रश्नाचं उत्तर एआयकडून लिहून मिळायची सोय, सगळ्यांसाठी खुला केला, आणि त्यानंतर कधीतरी त्यांच्या लॅपटॉपवर सर्चच्या चौकटीत त्या नावाचं बटण आलं. सुनेच्या लॅपटॉपवर ते नव्हतं. एकाच घरात, एकाच वायफायवर एकीकडे बटण आहे आणि दुसरीकडे नाही, म्हणजे आपल्या मशीनमध्ये कोणीतरी घुसलंय असं काकांनी धरलं. मग त्याच पानावर त्यांनी 'गूगल कस्टमर केअर नंबर' असं टाइप केलं आणि समोर आला तो नंबर फिरवला.

पलीकडचा माणूस अतिशय नम्र होता. "सर, आपका अकाउंट खतरे में है," म्हणाला, स्क्रीन दुरून बघता येईल असं एक अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगितलं आणि 'नोंदणीसाठी' दहा रुपये भरायला लावले. काकांनी कार्डाचे आकडे टाकले, ओटीपी टाकला, आणि तो माणूस ते सगळं पडद्यावर वाचत होता. पेन्शनच्या खात्यातून एकापाठोपाठ तीनदा पैसे गेले. मी पोचले तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात त्यांच्या सुबक शिक्षकी अक्षरात तो नंबर लिहिलेला होता आणि खाली 'गूगलचे साहेब, सकाळी १० ते ६' अशी नोंद. पुन्हा अडचण आली तर याच नंबरवर करायचा, असं तो माणूस बजावून गेला होता.

सून कामावरून आल्या आल्या तिने १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला आणि बँकेला कळवून कार्ड बंद केलं, म्हणून थोडी रक्कम पुढे जायची थांबली. बाकीची गेली. काका त्यानंतर बरेच दिवस लॅपटॉपला हात लावायला तयार नव्हते, आणि मला त्या पैशांपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तेव्हा हे पक्कं लक्षात ठेवा: सर्चचं पान वेगळं दिसतंय म्हणून फोन करावा असा कुठलाही कस्टमर केअर नंबर गूगलने ठेवलेला नाही. जो सापडेल तो लबाडाचा आहे असंच समजा. आणि लबाडी झालीच असेल तर लाजेने गप्प बसू नका, त्याच मिनिटाला १९३० लावा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळत असतो, त्यामुळे उशीर झाला की हाती काही लागत नाही.

बटण जागेवरून लक्षात ठेवणं

ही माझ्या डोक्यात जाणारी चूक, आणि हिचा दोष मी शिकणाऱ्यांपेक्षा शिकवणाऱ्यांना जास्त देते.

एका क्लासच्या झेरॉक्स नोट्स पेठांमध्ये घरोघरी फिरताना मी पाहिल्या आहेत. त्यात लिहिलंय, 'सर्चच्या चौकटीत उजव्या टोकाला माईक असतो, तो दाबून मराठीत बोला.' लिहिलं तेव्हा ते बरोबर होतं. पण २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये गूगलने कॉम्प्युटरवरच्या मुखपृष्ठावर माईकशेजारी लेन्सचा, म्हणजे चित्रावरून शोधायचा, कॅमेरा आणून बसवला. उजवं टोक कॅमेऱ्याचं झालं, माईक एक घर आत गेला.

याच नोट्सवर शिकलेल्या एक काकू मराठी टाइप करायला अवघड जातं म्हणून सगळं बोलूनच शोधायच्या. सवयीने त्यांचा माउस टोकाला जायचा आणि 'इथे चित्र ओढून आणा' अशी चौकट उघडायची. त्या चौकटीसमोर बसून त्या मोठ्या आवाजात "स्वारगेट ते पंढरपूर एसटी" असं पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. माईक गेला असं शेजाऱ्यांनी सांगितलं. मग इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीतून माईकवाला नवा हेडफोन आला, आणि अर्थातच त्यानेही काही झालं नाही. मी गेले, बाण कॅमेऱ्याच्या चिन्हावर नेऊन नुसता थांबवला, खाली नाव उमटलं. शेजारच्या चिन्हावर नेला, तिथलं नाव उमटलं. काकू म्हणाल्या, "अगं, हे आधी कुणी का नाही सांगितलं?" हेडफोन दुकानदाराने परत घेतला नाही. पुढे त्याच चौकटीत एआय मोडचं बटण येऊन बसलं, टोक पुन्हा बदललं, पण तेव्हा काकूंचा फोन आला नाही.

'थिअरी नको, कुठे दाबायचं तेवढं सांगा' असं म्हणणारे विद्यार्थी मला दर बॅचला भेटतात. त्यांची घाई मला समजते, रेल्वेचं तिकीट काढायचं असतं, मुलाशी बोलायचं असतं. तरीही मी जागा सांगत नाही. चिन्हाचा आकार ओळखायला लावते आणि बाण वर नेऊन नाव वाचायला लावते. सुरुवातीला वेळ जास्त लागतो, चिडचिडही होते. पण जागेवरून शिकलेलं पहिल्या बदलालाच कोसळतं, आणि क्लासवाले तोपर्यंत पुढच्या बॅचची फी घेऊन मोकळे झालेले असतात.

सगळ्यांना एकच पान दिसतं असं धरणं

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा वाद नेमाने होतो. "माझ्याकडे नाही, तुमच्याच मशीनमध्ये व्हायरस." हे बिनबुडाचं आहे. नवीन मांडणी आधी थोड्याच लोकांना दाखवतात, त्यांचं वागणं बघतात आणि मग ती ठेवायची की काढायची ते ठरवतात. लॉगिन केलंय की नाही, कुठला ब्राउझर (क्रोमसारखं इंटरनेट बघायचं अ‍ॅप), कुठली भाषा, यावर तुम्ही कुठल्या गटात पडाल ते बदलू शकतं. एकाच कॉम्प्युटरवर दोन ब्राउझरमध्ये दोन रूपं दिसू शकतात.

माझी तपासायची सवय अशी. कंट्रोल, शिफ्ट आणि एन एकदम दाबून क्रोमची इन्कॉग्निटो खिडकी उघडते. तिथे लॉगिन नसतं आणि आपण मुद्दाम परवानगी दिली नसेल तर एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेली छोटी जादा अ‍ॅप्स, हीही चालत नाहीत. नेहमीच्या खिडकीत बदल आहे आणि इथे नाही, तर कारण तुमच्या अकाउंटमध्ये, एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये किंवा प्रयोगात आहे. मग एक्स्टेन्शन एकेक करून बंद करत जायचं. दोन्हीकडे सारखंच दिसलं तर फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघायचं. तिथेही तेच, तर निवांत चहा घ्या, गूगलनेच बदललंय.

गूगलचा स्वतःचाही अंदाज यात चुकला आहे. १० जून २०१० ला त्यांनी मुखपृष्ठामागे मोठी चित्रं टाकली. एका दिवसापुरतीच होती, आणि हे काय चाललंय ते सांगणारी लिंकही खाली द्यायची होती. पण ती लिंक बहुतेकांना दिसलीच नाही. हे चित्र काढायचं कसं, याचा शोध लोकांनी गूगलवरच इतका घेतला की दिवस संपायच्या आत चित्रं उतरवावी लागली. कारण सांगितलं नाही की माणसं किती अस्वस्थ होतात, हे त्यांनाही त्या दिवशी कळलं असणार.

आपलाच हात लागलेला असणं

कीबोर्ड पुसताना किंवा माउसचं चाक फिरवताना कंट्रोल दाबलं गेलं की पान मोठं किंवा लहान होतं. कंट्रोल आणि शून्य दाबा, मूळ आकार येतो. माझ्याकडच्या 'गूगल बदललं' तक्रारींपैकी बऱ्याच इथेच मिटतात.

पान काळं झालं असेल तर खाली सेटिंग्जमध्ये डार्क थीम बघा. खिडकी अर्धवट लहान केलेली असेल तर बटणं वेगळी रचली जातात.

लोगोच्या जागी चित्र असेल तर ते डूडल. ३ जानेवारी २०१७ ला सावित्रीबाई फुले होत्या, ८ नोव्हेंबर २०२० ला पु. ल. देशपांडे. डूडल देशागणिक वेगळं असू शकतं, म्हणून अमेरिकेतल्या नातवाला ते दिसत नसेल तर भिऊ नका.

क्रोममध्ये नवीन टॅब उघडल्यावर येतं ते गूगलचं मुखपृष्ठ नव्हे, ते क्रोमचं पान. गोल शॉर्टकट दिसतात ते त्यावर. दोन्ही सारखीच दिसतात म्हणून गोंधळ होतो.

आणि पत्ता वाचा. वर गूगल डॉट कॉम नसून भलतंच काही 'सर्च'वालं नाव असेल, तर फुकटच्या पीडीएफ कन्व्हर्टरबरोबर एखादं एक्स्टेन्शन आत शिरलंय. ते काढा, मग ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये सर्च इंजिन पुन्हा गूगल करा. घाबरायला हवं ते इथे, आणि नेमकं इथेच कोणी बघत नाही.

"सगळं क्लिअर करून टाका"

हा सल्ला देणाऱ्यांवर माझा राग आहे. ब्राउझरचा सगळा डेटा पुसला की कुकीज, म्हणजे साइट आपल्याला ओळखाव्यात म्हणून ठेवलेल्या नोंदी, जातात, कुकीज गेल्या की सगळीकडचं लॉगिन जातं. ईमेलचा पासवर्ड मुलाने चार वर्षांपूर्वी टाकून दिलेला, तो कुणाच्या लक्षात नाही, आणि ओटीपी जातो त्याच्या सिअ‍ॅटलमधल्या फोनवर, जिथे तेव्हा मध्यरात्र असते. एक बटण नको म्हणून पेन्शनचं ईमेल बंद पडलेली घरं मी पाहिली आहेत.

आणखी एक घोटाळा होतो. कुकीज पुसल्यावर तुम्ही वेगळ्या प्रयोगगटात पडू शकता आणि पान पुन्हा जुन्यासारखं दिसू शकतं. मग 'क्लिअर केलं, व्हायरस गेला' हे डोक्यात पक्कं बसतं, आणि पुढच्या वेळी तोच उपाय शेजाऱ्यालाही सांगितला जातो. विंडोज फॉरमॅट करा म्हणणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही. फॉरमॅट करायला पैसे मिळतात, पत्ता वाचून दाखवायला मिळत नाहीत.

आठवणीवर विसंबणं

महिन्याच्या पहिल्या तारखेला लाइट बिल भरायला बसते तेव्हाच मी गूगलच्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवते. वरचा पत्ता आणि खालची तारीख दोन्ही त्यात यायला हवीत, खिडकी पूर्ण मोठी, झूम शंभर टक्के. फाइलच्या नावात तारीख आणि लॉगिन होतं की नव्हतं ते. काही वेगळं वाटलं की दोन चित्रं शेजारी ठेवून डावीकडून उजवीकडे, वरून खाली बघत जायचं. सगळ्या पानावर एकदम नजर टाकली तर काही सापडत नाही. कोपरे आधी बघा, मग चौकटीच्या आतली चिन्हं, मग तळाची ओळ. विद्यार्थ्यांना मी हेच वहीत काढायला लावते: चौकट, तिच्यातली चिन्हं, खालची दोन बटणं, त्याखाली भाषांची यादी. चित्र वेडंवाकडं येतं, पण एकदा हाताने काढलेलं पान डोळ्याला कायमचं ओळखीचं होतं.

स्क्रीनशॉट नसेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर गूगलचं मुखपृष्ठ १९९८ पासून तारखेनुसार साठवलेलं आहे. त्यात लॉगिन नसलेलं पान असतं, त्यामुळे तुमच्या गटातला प्रयोग तिथे दिसेलच असं नाही, पण कॅमेरा कधी आला, लोगो कधी बदलला, हे तिथे नीट कळतं.

बदल आवडला नाही तर मुखपृष्ठाच्या तळाशी सेटिंग्जमध्ये अभिप्राय पाठवायची सोय आहे. तिथे 'आधीचंच बरं होतं' एवढं लिहून थांबू नका. काय करायला गेलात, कुठलं बटण दाबलं गेलं आणि काय उघडलं, ते लिहा. शोधल्यावर वर येणारं एआयचं उत्तर नको असेल तर निकालांच्या वरच्या ओळीत 'वेब' निवडा, नुसत्या लिंका येतात. ही सोय २०२४ च्या मे महिन्यापासून आहे. कधी ती 'आणखी'च्या आत गेलेली असते, तिथे उघडून बघा.